कारण : फेरफटका

आमच्या लेडीज होस्टेलच्या गेटवर एक जाडजूड रजिस्टर असतं. नाव, रूम नंबर, जाण्याची वेळ, कारण, येण्याची वेळ, सही. एफईला असताना, पहिल्याच आठवड्यात, मी ‘कारण’च्या रकान्यात अगदी प्रामाणिकपणे लिहिलं : फेरफटका. मॅडमनी चष्मा नाकावर ओढला आणि विचारलं, ‘‘म्हणजे नेमकं कुठे जायचंय?’’

आता फेरफटक्याला ‘नेमकं कुठे’ असतं का हो? मी गडबडले. मागे उभ्या असलेल्या सीनियर ताईने कोपराने ढोसलं आणि कानात कुजबुजली, ‘‘झेरॉक्स लिही.’’ लिहिलं. लगेच सही मिळाली. तेव्हापासून आमच्या रजिस्टरप्रमाणे संध्याकाळी सहा ते आठ या वेळात चारकोपमध्ये जेवढ्या झेरॉक्स निघतात तेवढ्या अख्ख्या युनिव्हर्सिटीत निघत नसतील. (मॅडम, तुम्ही हे वाचणार आहात हे माहीत आहे. रागावू नका. तुम्हालाही ते पहिल्यापासून माहीतच होतं.)

तीच ताई आता नॉर्वेत ट्रॉनहाइमला एम.एस. करते. मध्ये तिचा व्हॉइस मेसेज आला : ‘‘अगं, इथे रविवारी कोणी घरात सापडत नाही. सगळे तूरला गेलेले असतात!’’ तूर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मेसची डाळ आली. पण नॉर्वेजियन भाषेत ‘तूर’ म्हणजे फिरणं. आणि त्यात सगळं बसतं. घराभोवती दहा मिनिटं चालून आलात, तूर. डोंगर चढून आलात, तूर. बर्फावरून स्कीने गेलात, तूर. रविवारी पाठीवर सॅक, थर्मासमध्ये कॉफी आणि सगळं घरदार जवळच्या जंगलात, म्हणजे ‘सॉन्दाग्सतूर’, रविवारची तूर. तिला त्याचं फार आश्चर्य वाटलं होतं, कारण लॅबमध्ये सोमवारी तिचे प्रोफेसर विचारतात, ‘‘तूरला गेली होतीस ना?’’ आणि कुठे, कशाला, कोणाबरोबर हे विचारतच नाहीत. गेली होतीस, बास.

हे ऐकल्यापासून मला या शब्दांचा नाद लागला. सबमिशन तोंडावर असताना असले नाद हमखास लागतात.

पहिली गंमत या ‘तूर’चीच. तो शब्द फ्रेंचमधून आला, आणि आपण ‘हिमाचलची टूर’ म्हणतो त्यातला टूरही तोच. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘तोर्नुस’मध्ये आहे आणि तोर्नुस म्हणजे चक्क लेथ! वर्कशॉपमध्ये आपण जॉबवर ‘टर्निंग’ करतो ते टर्निंगही त्याच घराण्यातलं. जॉब जसा फिरून जागच्या जागी येतो तसा माणूस फिरून घरी येतो. आपल्याकडे ‘फेरी’, ‘फेरफटका’ हे शब्दही असेच गोल फिरून येणारे आहेत. फिजिक्सच्या भाषेत डिस्प्लेसमेंट शून्य. म्हणूनच तर रजिस्टरमध्ये ‘कुठे’ याचं उत्तर लिहिता येत नाही.

नॉर्वेजियनांकडे निवांत चालण्याला आणखीही शब्द आहेत. ‘स्पासेरे’ म्हणजे जरा नीटनेटके कपडे घालून, ऐटीत फिरणं. हा जर्मनमार्गे आलेला शब्द, आणि तोही मूळ लॅटिन ‘स्पातिउम’वरून, म्हणजे मोकळी जागा, अवकाश. इंग्रजीतला ‘स्पेस’ त्याचाच भाऊ. फिरणं म्हणजे जागेत पसरणं, असा काहीसा भाव. ‘स्लेन्त्रे’ म्हणजे खिशात हात घालून, अंग सैल सोडून, कशाचीच घाई नसल्यासारखं चालणं. शेवटचं लेक्चर बंक केलेली पोरं कँटीनकडे जातात ना, तसं. आणि सगळ्यात घरगुती शब्द ‘रुस्ले’. हळूहळू, रमतगमत, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलत चालणं. आता यात विनोद असा की त्यांच्याकडे एक म्हण लहान पोरालाही पाठ असते, तिचा अर्थ ‘तूरला निघालं की तोंड आंबट करायचं नाही’. म्हणजे जो रुस्ले करतो त्याने रुसायचं नाही! हा निव्वळ योगायोग आहे, भाषाशास्त्र नाही. पण लक्षात ठेवायला सोपं जातं.

इंग्रजीत तर या शब्दांचा बाजारच भरलाय. स्ट्रोल, सॉन्टर, अँबल, रँबल, मिअँडर, प्रॉमिनाड... जीआरईचे शब्द पाठ करताना हे सगळे एकाच फ्लॅशकार्डवर कोंबलेले असतात आणि समोर एकच अर्थ, ‘हळू चालणे’. पण ते एक नाहीत. ‘अँबल’ ही मुळात घोड्याची चाल, न उधळता, न हिसके देता चालणाऱ्या घोड्याची. (आपल्याकडे ‘रपेट’ म्हटलं की अजूनही घोडाच आठवतो, आणि तरी लोक सायकलवरून रपेट मारतात.) ‘मिअँडर’ ही नदी आहे. आजच्या तुर्कस्तानात ती इतकी वळणं घेत वाहते की तिच्या ग्रीक नावाचंच क्रियापद झालं. सिव्हिलवाल्यांना हा शब्द हायड्रॉलिक्समध्ये भेटतोच. ‘सॉन्टर’ कुठून आला ते कोणालाच नक्की सांगता आलेलं नाही. अमेरिकन लेखक थोरो याने त्याच्या चालण्यावरच्या निबंधात, जो १८६२ साली त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला, तो ‘पवित्र भूमी’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांशी जोडला होता. पवित्र भूमीला निघालोय असं सांगून गावोगाव रेंगाळणारे लोक, ते सॉन्टरर. गोष्ट झकास आहे, फक्त कोशकार ती खरी मानत नाहीत.

मग मराठीत असे शब्द का नाहीत, असं मला आधी वाटलं. थोडं खोदल्यावर कळलं की आपली भाषाच वेगळ्या डिझाइनची आहे. लेनर्ड टाल्मी नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८५च्या सुमारास भाषांची एक विभागणी मांडली. काही भाषा ‘कसं’ हे क्रियापदातच भरतात आणि ‘कुठे’ हे बाजूच्या छोट्या शब्दावर सोपवतात. इंग्रजी आणि नॉर्वेजियन दोन्ही त्यातल्या. एकच क्रियापद सांगतं की तो निवांत, हात हलवत, झुलत आला. दुसऱ्या भाषा क्रियापदात ‘आला, गेला, शिरला, निघाला’ एवढंच सांगतात, आणि ‘कसं’ हे वेगळं जोडतात. मराठी या दुसरीकडे झुकते. तो डुलत डुलत आला. रेंगाळत गेला. पाय ओढत शिरला. बाळ दुडूदुडू धावलं, आजी तुरुतुरु निघाली. म्हणजे आपल्याकडे ऐवज कमी नाही, तो दुसऱ्या कप्प्यात ठेवलाय. एका क्रियापदात बसवलेल्या ‘सॉन्टर’पेक्षा मला तर ‘रमतगमत’ जास्त आवडतं. त्यातला ‘रमत’ हा नुसता वेग सांगत नाही, मनाची अवस्था सांगतो. हळू तर आपण व्हायवाला जातानाही चालतो.

आणि आपण फिरणं ‘करत’ही नाही. आपण ते मारतो! चक्कर मारतो, फेरी मारतो, राउंड मारतो, फेरफटका मारतो. किंवा खातो, हवा खायला जातो. परप्रांतीय रूममेटला हे समजावून सांगताना माझी फे फे उडाली होती. ‘‘यू बीट द वॉक अँड ईट द एअर?’’ हो बाई, आणि गप्पासुद्धा मारतो.

पण या सगळ्यांत माझा लाडका प्रयोग म्हणजे ‘पाय मोकळे करणे’. दिवसभर वर्गात, लोकलमध्ये, ड्रॉइंगच्या टेबलाशी पाय जणू बांधलेले होते आणि आता सोडलेत. हा प्रयोग लक्षात ठेवा. पुढे त्याची नॉर्वेत गाठ पडणार आहे.

मग शतपावली. जेवणानंतर शंभर पावलं. जगात जेवून चालणारे पुष्कळ असतील, पण त्यासाठी आकडा आत बसवलेला एक आटोपशीर शब्द आपल्याकडे आहे. हल्ली मोबाईल आपल्याकडून दहा हजार पावलं मागतो. तो आकडा कुठल्या वैद्याने सांगितला म्हणाल तर तसं नाही. १९६५ साली जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा-हजार-पावलं-मापक. नाव खपलं आणि आकडा जगभर चिकटला. आजीच्या शंभरावरून दहा हजार, शंभरपट महागाई.

शतपावली म्हटलं की चारकोपबद्दल थोडं सांगायला हवं. आपण ज्या सेक्टरांमधून येता-जाता ती वस्ती आपोआप वाढलेली नाही. १९८०च्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने ती आखली. पद्धत वेगळी होती : तयार घर द्यायचं नाही. छोटा प्लॉट, रस्ता, पाणी, गटार एवढं द्यायचं, आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे, जमेल तसं बांधायचं. सिव्हिलच्या पोरांना ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’ हे नाव ठाऊक असेल. त्यात छोट्या घरांचे गट केले आणि मधोमध सामाईक अंगण ठेवलं. पुढे घरांवर मजले चढले, खाली दुकानं, क्लासेस, दवाखाने आले, पण ती अंगणं आणि अरुंद गल्ल्या बऱ्याच ठिकाणी टिकल्या. रात्री साडेनवाला तिथे बघा. बायका मॅक्सीवर ओढणी टाकून, दोघी-तिघी मिळून, त्याच अंगणात गोल गोल फिरत असतात. मुख्य रस्त्यावर फुटपाथ बाइकने आणि भाजीच्या टोपल्यांनी भरलेला, पश्चिमेला खाडी आणि तिवरं, तिथे चालायची सोय नाही. न्यू लिंक रोडवर २०२२पासून डोक्यावरून मेट्रो धावते, खालून चालायचं तर जीव मुठीत. पण अंगणातली शतपावली चालू. हे त्या आखणी करणाऱ्यांच्या नकाशात होतं की नव्हतं, देव जाणे.

आता जरा कडू भागाकडे येऊ. कारण हे सगळे शब्द सुट्टीतल्या फोटोसारखे गोड नाहीत.

घरी सुट्टीला गेल्यावर संध्याकाळी उशिरा परतलो की काय ऐकू येतं? ‘‘कुठे उंडारत होतास?’’ ‘‘गावभर हुंदडून झालं का?’’ ‘‘उनाडक्या पुरे झाल्या.’’ म्हणजे तेच चालणं, तोच रस्ता, तोच वेग. वडील गेले तर ‘फिरायला’ गेले, मुलगा गेला तर ‘उंडारायला’. इंग्रजीत पण हेच घडलं होतं. ‘स्ट्रोल’ हा आज इतका सभ्य शब्द, लहान बाळाची गाडीसुद्धा ‘स्ट्रोलर’. पण सतराव्या शतकात तो इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा अर्थ होता बेघर, बेकार माणसासारखं गावोगाव भटकणं, आणि तो बहुधा जर्मनमधून आला. शब्द नंतर सुधारला. माणसांना मात्र शिक्षा झाली. इंग्लंडच्या १८२४च्या भटकेगिरीविरोधी कायद्यात कामधंद्याविना रस्त्यावर दिसणाऱ्याला थेट तुरुंग होता.

आणि आता नॉर्वे. मी ताईला विचारलं, ‘‘तुमच्याकडे ‘उनाड’ला काय म्हणतात?’’ तिने तिच्या लॅबमधल्या एका बाईंना विचारून शब्द पाठवला : ‘लोस्येंगर’. शब्दशः फोड केली तर ‘सुटा चालणारा’, मोकळा चालणारा. म्हणजे आपलं ‘पाय मोकळे करणे’च की! पण त्यांच्याकडे तो गुन्ह्याचा शब्द होता. १९०० साली नॉर्वेने लोस्येंगरांविरुद्ध कायदाच केला, आणि असं सुटं हिंडताना सापडलेल्याला सक्तमजुरीला पाठवता येत असे. ती सक्तमजुरी १९७० साली बंद झाली. नीट बघा : त्याच नॉर्वेत १९५७ साली दुसरा कायदा झाला होता, मोकळ्या हवेत हिंडण्याचा. त्याप्रमाणे लागवड नसलेल्या कुठल्याही जमिनीवरून, मग ती खाजगी का असेना, कोणीही चालू शकतं. तंबू ठोकायचा तर राहत्या घरापासून १५० मीटर दूर, एवढंच. म्हणजे १९५७ ते १९७० या तेरा वर्षांत त्या देशात दोन्ही कायदे एकाच वेळी होते. तूरला गेलात तर तुमचा हक्क, लोस्येंगर असाल तर मजुरी. फरक पायांत नव्हता. घर असलेला माणूस घराबाहेर पडला तर तूर, घरच नसलेला चालला तर गुन्हा. पिढ्यानपिढ्या फिरत राहणाऱ्या तिथल्या ‘तातेर’ लोकांची मुलं काढून घेतली गेली, कुटुंबांना स्वानविकेनसारख्या कामाच्या वसाहतींत ठेवलं गेलं. सरकारने त्याबद्दल १९९८ साली माफी मागितली.

हे वाचून ‘बघा, पुढारलेले देश कसे’ असं म्हणायचा मोह होतो. पण मग आपला ‘भटक’ हा धातू घ्या. एकीकडे ‘भटकंती’. गो. नी. दांडेकरांनी दुर्गभ्रमणाला प्रतिष्ठा दिली, मिलिंद गुणाजींचा ‘भटकंती’ कार्यक्रम घराघरात बघितला गेला, आणि आज आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या टी-शर्टवर ‘भटके’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं आहे. दुसरीकडे ‘भटके-विमुक्त’. ब्रिटिशांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. ज्यांचा धंदाच फिरतीवर होता अशा कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायचं तर पास. सोलापूरला तर त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलेली ‘सेटलमेंट’ होती. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला आणि त्यातून सुटलेले ते ‘विमुक्त’. मोकळे केलेले. पुन्हा तोच शब्द! लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८०चं. कैकाडी कुटुंबाचा संसार गाढवांवर लादून गावोगाव चाललेला, ते पुस्तक आपल्या लायब्ररीत मराठीच्या कपाटात खालच्या फळीवर आहे. वाचलं तर आपला टी-शर्ट जरा वेगळा दिसायला लागतो. माझा तरी दिसला.

आणि एक गोष्ट, जी मुलींना सांगायला नको, पण मुलांनी ऐकावी. फिरणाऱ्या पुरुषाला मराठीत किती छान छान शब्द आहेत : फिरस्ता, मुशाफिर, भटक्या, कलंदर. पायाला भिंगरी लागलेला. ‘उनाड’सुद्धा आई जरा हसूनच म्हणते. आता फिरणाऱ्या बाईचे शब्द आठवा. मी आठवले तेव्हा दोनच आले : गावभवानी आणि भटकभवानी. या दोन्ही शब्दांत हसू नाही. भवानी देवीचं नाव जोडून इतकी कडक शिवी करणं हे आपल्यालाच जमतं. ‘मुशाफिर’चं स्त्रीलिंग कोणी कधी वापरलेलं मी ऐकलेलं नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉइटर’ नावाचं इंग्रजी पुस्तक २०११ साली आलं. ते मुंबईवरच्या अभ्यासातून लिहिलेलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की या शहरात बाई रस्त्यावर असेल तर तिला सतत दाखवत राहावं लागतं की आपल्याला काहीतरी काम आहे. हातात पिशवी, कानाला मोबाईल, झपझप चाल. काम नसताना उभं राहायची, रेंगाळायची मुभा तिला नाही, आणि त्या नेमकी तीच मागतात. वाचताना मला आमचं रजिस्टर आठवलं. झेरॉक्स ही आमची पिशवी आहे. मुलांच्या होस्टेललाही रजिस्टर आहे म्हणे. त्यात ‘कारण’चा रकाना आहे का, हे मी आमच्या वर्गातल्या तिघांना विचारलं. एक म्हणाला, आहे. दुसरा म्हणाला, नाही. तिसऱ्याने विचारलं, ‘‘कुठलं रजिस्टर?’’

असो. मॅडमशी माझं भांडण नाही. आठ वाजता एखादी मुलगी परतली नाही तर गेटपाशी येरझाऱ्या कोण घालतं ते आम्ही खिडकीतून बघतो. (येरझारा! हाही चालण्याचाच शब्द, पण निवांतपणाशी त्याचा संबंध नाही.) काळजीपोटी विचारलेला प्रश्नही प्रश्नच असतो, आणि त्याला खरं उत्तर देता यावं एवढंच माझं मागणं आहे. म्हणून मी मागच्या गुरुवारी एक प्रयोग केला. संध्याकाळी साडेसहाला, सेक्टरांच्या गल्ल्यांमधून नुसती एक चक्कर मारायला निघाले. ‘झेरॉक्स’ लिहायला पेन उचललं, थांबले, आणि ‘कारण’च्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : तूर.

मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग सही करता करता म्हणाल्या, ‘‘मेसमधली डाळ पुरत नाही का तुम्हाला? बरं, चाललीच आहेस तर माझ्यासाठीही अर्धा किलो आण.’’

आणली. मार्केटपर्यंत रमतगमत गेले, आणि परत येताना मुद्दाम लांबच्या गल्लीने आले.